मोठ्या एसयूव्हीचं अ‍ॅव्हरेज पुन्हा पुन्हा पडतंय? सेन्सर बदलण्याआधी हे तपासा

‘लिटरला नऊ द्यायची, आता सहासुद्धा देत नाही.’ आमच्या गोरेगावच्या गॅरेजमध्ये ही तक्रार वर्षभर येत असते. गाड्या बहुतेक पाच ते दहा वर्षं जुन्या, दोन ते तीन लिटर इंजिनाच्या, ऑटोमॅटिक, भारी किमतीच्या एसयूव्ही. त्यातल्या बऱ्याच सेकंडहँड घेतलेल्या असतात आणि अनेकांवर आधीच खर्च झालेला असतो. ऑक्सिजन सेन्सर बदलला, इंजेक्टर साफ केले, टाकीत महागडी बाटली ओतली, तरी अ‍ॅव्हरेज जागचं हललं नाही. कारण पार्ट बदलण्याआधी कुणी काही मोजलेलंच नसतं. खाली दिलेला क्रम आम्ही स्वतः पाळतो. फुकटात होणारं आधी, जॅक लावावा लागतो ते नंतर आणि इंजिन उघडायचं सगळ्यात शेवटी.

लक्षणं

आधी आपली गाडी यात कुठे बसते ते बघा.

- अ‍ॅव्हरेज हळूहळू, काही महिन्यांत उतरलं. गाडी चालायला ठीक आहे, डॅशबोर्डवर कुठलाही दिवा नाही.
- एका ठरावीक दिवसापासून पडलं. म्हणजे सर्व्हिसिंगनंतर, नवे टायर किंवा नवी बॅटरी टाकल्यानंतर, ऑफिस बदलल्यानंतर.
- न्यूट्रलमध्ये गाडी मोकळी सरकत नाही. एखादं रिम बाकीच्यांपेक्षा लवकर काळं होतं.
- डिझेल गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहतो, गरम वास येतो, सिग्नलला इंजिन आपोआप बंद व्हायचं थांबलंय.
- पिकअप कमी झालाय, रेस दिली की बारीक शिट्टी ऐकू येते किंवा इंजिनचा पिवळा दिवा लागलाय.
- एक्स्प्रेसवेला नेली तरी अ‍ॅव्हरेज सुधारत नाही.

हे शेवटचं लक्षण मी प्रत्येकाला आवर्जून विचारतो. शहरात वाईट आणि पुण्याला जाताना ठीक, असं असेल तर मामला बहुधा वापराचा असतो, डिझेल असेल तर डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा. दोन्हीकडे वाईट असेल तर गाडीला काहीतरी मागे ओढतंय किंवा इंजिन चुकीच्या हिशोबाने इंधन घेतंय.

आधी खरंच पडलंय का ते मोजा

स्क्रीनवरचा आकडा हा गाडीचा अंदाज असतो. खरं अ‍ॅव्हरेज टाकी फुल करूनच कळतं. एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलला, पहिल्या ऑटो-कटला थांबायचं. ट्रिप मीटर शून्य करायचं. पाव टाकी उरेपर्यंत चालवायची, पुन्हा तिथेच फुल, पुन्हा पहिल्याच कटला थांबायचं. किलोमीटर भागिले लिटर. असं लागोपाठ दोन-तीन टाक्या करा. पंपावरचा मुलगा प्रेमाने ‘साहेब, राउंड फिगर करू?’ म्हणतो तेव्हा नको म्हणा. ३०० किलोमीटरला ४० लिटर लागले तर साडेसात पडतं, पण वरून तीन लिटर दाबून भरले तर तोच आकडा सातच्या खाली जातो आणि तुम्ही नसलेला बिघाड शोधत बसता.

बऱ्याच आयात गाड्यांच्या स्क्रीनवर लिटर प्रति १०० किलोमीटर असं दिसतं. १०० ला त्या आकड्याने भागलं की आपलं अ‍ॅव्हरेज निघतं. १२.५ म्हणजे आठ, १६ म्हणजे सव्वासहा. तिथे आकडा वाढणं वाईट असतं, हे लक्षात न आल्याने उलट समजून आलेले लोकही मी पाहिलेत.

टायरचा साइज बदललाय का? रिम मोठं करताना टायरचा बाहेरचा व्यास वाढला तर चाक एका फेऱ्यात जास्त अंतर जातं, पण मीटरला ते कळत नाही. किलोमीटर कमी मोजले जातात आणि अ‍ॅव्हरेज कागदावरच घसरतं. फोनच्या जीपीएसवर वीस-पंचवीस किलोमीटर ताडून बघा.

पंपावर शंका असेल तर पाच लिटरचं माप मागा. वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं हे माप प्रत्येक पंपाला ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्याच्यासमोर मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो, त्याहून जास्त बसत नाही.

सरासरी वेग बघा, मग गाडीला दोष द्या

ट्रिप कॉम्प्युटरमध्ये अ‍ॅव्हरेजच्या शेजारीच सरासरी वेग असतो. मुंबईत माझ्या मते तोच आकडा जास्त बोलका आहे. तीन लिटरची पेट्रोल एसयूव्ही ताशी १२ च्या सरासरीने अंधेरी ते लोअर परळ करत असेल आणि लिटरला पाच देत असेल, तर गाडीला काही झालेलं नाही. दोन टनांच्या वरचं वजन दर पन्नास मीटरला उचलायचं आणि पुन्हा थांबवायचं, त्यात इंधन जाणारच. तीच गाडी ताशी ४० च्या सरासरीला सहा देत असेल तर मात्र शोधायला लागा.

यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग म्हणजे उभ्या गाडीत चालू असलेला एसी. साहेब किंवा मॅडम बीकेसीत मीटिंगला वर जातात, ड्रायव्हरदादा खाली इंजिन चालू ठेवून बसतात. एवढं मोठं इंजिन एसीसकट उभ्याउभ्या तासाला साधारण एक ते दीड लिटर पितं. समजा दिवसाला ४० किलोमीटर धावायला पाच लिटर लागतात, म्हणजे आठचं अ‍ॅव्हरेज. त्यात तीन तास उभं राहून तीन लिटर गेले की तेच अ‍ॅव्हरेज पाचवर येतं. गाडीत एका रुपयाचाही बिघाड नसताना! यात ड्रायव्हरदादांना बोल लावणं मला पटत नाही. मे महिन्यात उन्हात तापलेल्या बंद गाडीत माणसाने बसायचं कसं? त्यांना बसायला सावलीची, पंख्याची जागा मिळते का ते बघा. माझ्याकडच्या कितीतरी ग्राहकांचं अ‍ॅव्हरेज नुसत्या तेवढ्याने वर आलंय.

पेट्रोल गाडी असेल तर ई-२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, हिशोबही आधीच करून टाका. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलंय, की मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवून घेतलेल्या चारचाकींना ई-२० वर सहा ते सात टक्के फटका बसू शकतो. म्हणजे आठचं साडेसात होऊ शकतं. आठचं साडेपाच झालं असेल तर इथेनॉलच्या नावावर खपवू नका, दुसरं काहीतरी आहे.

टायरमधली हवा

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो, काही गाड्यांत तो टाकीच्या झाकणाच्या आत असतो. त्यावर पुढची-मागची हवा वेगळी असते, दोन माणसांची आणि भरलेल्या गाडीची वेगळी असते. पंक्चरवाल्याने ‘सगळ्यांना तीस मारलीय’ म्हटलं तर ते तुमच्या गाडीसाठी बरोबर असेलच असं नाही. हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त न चालवता तपासा. गरम टायरमध्ये दाब जास्त दिसतो.

भारी गाड्यांत हे निसटण्याची दोन कारणं आहेत. बऱ्याच गाड्यांना रनफ्लॅट टायर असतात. त्यांची बाजू इतकी कडक असते की हवा कमी झाली तरी टायर बसलेला दिसत नाही. दुसरं म्हणजे हवेचा दिवा साधारण २० ते २५ टक्के दाब कमी झाल्याशिवाय लागत नाही. ३६ हवी तिथे ३० असेल तरी दिवा गप्प राहतो आणि चारही टायर रोज इंधन खात राहतात. हवा नीट केल्यावर गाडीच्या मेनूमधून सिस्टीम रीसेट करायला विसरू नका.

टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. आतली कड गुळगुळीत आणि बाहेरची चांगली असेल तर अलाइनमेंट गेलीय. पावसाळ्यातले खड्डे आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक यांनी ती जातेच. गणपतीनंतर एकदा करून घ्यावी, असा आमच्याकडचा शिरस्ता आहे.

बाकीच्या किरकोळ गोष्टी एका दमात सांगतो. स्पोर्ट मोड कायम चालू आहे का? एअर सस्पेन्शन चुकून उंच ठेवलंय का? छतावरचा बॉक्स किंवा कॅरिअर लडाखच्या ट्रिपनंतर तसाच राहिलाय का? एक्स्प्रेसवेला तो हवा अडवतो. डिकीतलं सामान काढून मात्र या वजनाच्या गाडीत फारसा फरक पडत नाही.

ब्रेक धरतोय का

मुंबईत, विशेषतः पावसाळ्यानंतर, खरा बिघाड मला इथे सर्वांत जास्त वेळा सापडलाय. आणि याला कुठलाही दिवा लागत नाही, कुठलाही कोड येत नाही.

तपासायला हजाराच्या आसपास मिळणारा इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतो. पहाटे मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवा, ब्रेक शक्य तितका कमी वापरा, शेवटी गाडी हळू करून आपोआप थांबेल असं बघा. लगेच खाली उतरून रिमच्या फटीतून चारही डिस्कवर थर्मामीटर धरा. चकचकीत धातूवर हे यंत्र खरं तापमान दाखवत नाही, कमी दाखवतं. म्हणून आकड्याकडे न बघता फरकाकडे बघा आणि दोन्ही बाजूंना डिस्कवर तीच जागा धरा. पुढचे डिस्क मागच्यांपेक्षा थोडे गरम असणं स्वाभाविक आहे. पण एकाच अ‍ॅक्सलवर डावा ५० आणि उजवा ९० दाखवत असेल, तर उजवा ब्रेक सुटत नाहीये. हाताने चाचपू नका, भाजेल.

होतं काय, तर कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या दोन पिनांवर मागे-पुढे सरकतो त्यांच्यावर रबरी टोपी असते. ती तडकते. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये तुंबलेलं पाणी, समुद्राची खारी हवा, दोन आठवडे न हललेली गाडी, या सगळ्यामुळे त्या तड्यातून ओल आत शिरते. अशी पिन बाहेर काढली की चकाकता रॉड दिसायला हवा, त्याऐवजी तपकिरी चिखलासारखा लगदा लागलेला असतो. ग्रीस कधीच वाळून गेलेलं असतं आणि गंजाने पिनेला खड्डे पडलेले असतात. अशी पिन ब्रेक दाबल्यावर पुढे येते, पण पाय काढल्यावर मागे जात नाही. पॅड डिस्कला घासत राहतो. पायाला काहीच जाणवत नाही, कारण तीनशे न्यूटनमीटरच्या वर टॉर्क असलेलं इंजिन ते ओढून नेतं. छोट्या गाडीत हाच दोष पहिल्या दिवशी कळला असता.

पिनांची साफसफाई, नव्या रबरी टोप्या (बूट), ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस. काम स्वस्त आहे. पण मागच्या चाकाला हात लावण्याआधी थांबा. इलेक्ट्रिक हँडब्रेकची मोटर बहुतेक गाड्यांत मागच्या कॅलिपरवरच असते आणि ती स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये घ्यावी लागते. जबरदस्तीने पिस्टन दाबला तर मोटर जाते. एअर सस्पेन्शनच्या गाडीला जॅक लावण्याआधी जॅक मोडही चालू करावा लागतो. ब्रेकचं काम आधी कधी केलं नसेल तर इथे शिकू नका, गॅरेजला न्या. मात्र तापमानाचे चार आकडे लिहून न्या, म्हणजे मेकॅनिकचा अर्धा वेळ वाचतो.

बॅटरी

सिग्नलला इंजिन बंद व्हायचं थांबलं असेल आणि बॅटरी चार-पाच वर्षं जुनी असेल, तर आधी ती तपासून घ्या. थकलेल्या बॅटरीला अल्टरनेटर सतत चार्ज करत बसतो, त्याचा भार इंजिनावर येतो. नवी टाकताना त्याच प्रकारची, म्हणजे एजीएम असेल तर एजीएमच टाका. आणि बऱ्याच जर्मन गाड्यांत नवी बॅटरी गाडीला स्कॅनरने कळवावी लागते. नाहीतर गाडी नव्या बॅटरीला जुन्या हिशोबाने चार्ज करत राहते. ‘बॅटरी बदलल्यापासून अ‍ॅव्हरेज पडलं’ असं कोणी म्हटलं की मी आधी हेच बघतो.

थर्मोस्टॅट, आणि डिझेलवाल्यांसाठी डीपीएफ

पुन्हा पुन्हा परतणाऱ्या गाड्यांचं मूळ बहुतेक इथे असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थर्मोस्टॅट ही एक झडप. इंजिन गरम होईपर्यंत ती कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती उघडी अडकली की इंजिन कधीच पूर्ण गरम होत नाही आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गाडी नुकतीच चालू केलीय असं समजून जास्त इंधन देत राहतो. मुंबईच्या उकाड्यात इंजिन थंड राहील हे ग्राहकांना पटत नाही. बाहेर ३४ अंश असले तरी इंजिनाला ९० च्या आसपास लागतात आणि धावत्या गाडीचा रेडिएटर ती उष्णता सहज काढून घेतो.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम असा बसवलेला असतो, की मधल्या मोठ्या पट्ट्यात तापमान कितीही हललं तरी काटा बरोबर मध्ये राहतो. ओबीडी सॉकेटला, म्हणजे मेकॅनिक स्कॅनर जोडतो त्या सॉकेटला, लावायचा ब्लूटूथ डोंगल हजार-दीड हजारात मिळतो, फोनवर अ‍ॅप घ्या आणि कूलंटचं खरं तापमान बघा. वीस मिनिटं चालवल्यावर ते ८५ च्या वर जाऊन स्थिर राहायला हवं. काही नव्या पेट्रोल इंजिनांत १०० च्या वरही असतं, ते ठीक आहे. सिग्नलला ८० आणि सी लिंकवर वेग घेतला की ६८, असं वर-खाली होत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. दुसरं काही शोधायची गरज नाही.

आता डिझेल. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल एसयूव्हींमध्ये सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ आहे, बऱ्याच भारी गाड्यांत तो त्याआधीही होता. धुरातली काजळी तो अडवतो आणि ठरावीक साठा झाला की गाडी स्वतःच ती जाळते. त्यासाठी फिल्टरमध्ये ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. ती आणायला जादा डिझेल फवारलं जातं. काम दहा ते वीस मिनिटांत उरकतं आणि साधारण काही शे किलोमीटर पुन्हा बघावं लागत नाही.

पण बांद्रा पूर्व ते बीकेसी, नाहीतर पवई ते विक्रोळी अशी रोजची धाव असेल तर? जाळणं सुरू होतं, तोवर ऑफिस येतं, गाडी बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात, पुन्हा अर्धवट. प्रत्येक वेळी जादा डिझेल जातं आणि काजळी तिथेच राहते. फवारलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतो. पंखा जोरात फिरणं, गरम वास, आपोआप बंद न होणं, ही लक्षणं याच अर्धवट राहिलेल्या कामाची आहेत.

आणि इथे थर्मोस्टॅट परत येतो. कूलंट पुरेसं गरम नसेल तर बहुतेक गाड्या डीपीएफ जाळायला सुरुवातच करत नाहीत किंवा मध्येच सोडून देतात. मग दिवा लागतो, मालक वर्कशॉपला नेतात, तिथे मशीन लावून डीपीएफ साफ करून देतात. महिनाभर अ‍ॅव्हरेज छान. मग पुन्हा तेच. आमच्याकडे आलेल्या एका ताईंच्या गाडीचा डीपीएफ दुसरीकडे असा साफ करून झाला होता आणि आता नवाच टाका असं त्यांना सांगितलं होतं. नव्या डीपीएफची किंमत लाखांत जाते. डोंगल लावून जोगेश्वरीपर्यंत चक्कर मारली, कूलंट ७१ च्या वर गेलं नाही. थर्मोस्टॅट बदलला, ऑइल बदललं, पहाटे हायवेला नेऊन जाळण्याचं काम पूर्ण होऊ दिलं. जुनाच डीपीएफ अजून चालू आहे. म्हणून माझं ठाम मत आहे, की कूलंटचं तापमान बघितल्याशिवाय डीपीएफवर पैसा घालू नये.

तुम्ही काय करू शकता: आपल्या गाडीला चालणारं अ‍ॅप घेतलं तर काजळीचा साठा आणि शेवटच्या जाळण्यानंतरचे किलोमीटर दिसतात. शंभर किलोमीटरच्या आतच पुन्हा पुन्हा जाळणं होत असेल तर गडबड आहे. आठवड्यातून एकदा पहाटे, टाकीत पावभराहून जास्त डिझेल ठेवून, वीस-पंचवीस मिनिटं न थांबता चालवा. दक्षिण मुंबईकरांना ईस्टर्न फ्रीवे आणि तिथून शिवडीला अटल सेतू. सेतू २१.८ किलोमीटरचा आहे आणि कारला ताशी १०० ची मर्यादा आहे, तेवढं पुरतं. टोलचे पैसे डीपीएफच्या पुढे काहीच नाहीत. उपनगरवाल्यांनी दहिसर चेकनाक्यापलीकडे अहमदाबाद हायवे धरावा. ६० ते ८० चा स्थिर वेग ठेवा, रेस मारून काही मिळत नाही.

डीपीएफच्या आधी आणि नंतर दोन बारीक नळ्या निघून एका दाबाच्या सेन्सरला जातात. त्या तडकल्या किंवा तुंबल्या की सेन्सर खोटा आकडा देतो आणि गाडी विनाकारण जाळत बसते. मेकॅनिकला डीपीएफ उतरवण्याआधी त्या बघायला सांगा, शेकड्यांत काम होतं.

ऑइल कमी राखेचं, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच भरा. काजळी जळते, पण ऑइलमधली राख जळत नाही, ती डीपीएफमध्ये कायमची साठते. ‘सगळ्यांना हेच टाकतो’ म्हणून कुणी १५डब्ल्यू-४० ओतत असेल तर थांबवा. जाड ऑइलने इंजिन जड फिरतं ते वेगळंच.

‘डीपीएफ काढून टाकतो आणि सॉफ्टवेअर मारून देतो’ असं सांगणारे भेटतील. ते बेकायदा आहे आणि त्या नळीतून निघणारा धूर आपल्याच गल्लीतली पोरं श्वासातून घेतात. आम्ही ते काम करत नाही.

पेट्रोल गाड्या: फ्युएल ट्रिम

त्याच डोंगलवर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम दिसतात. ईसीयूने ठरलेल्या हिशोबापेक्षा किती टक्के इंधन वाढवलं किंवा कमी केलं, ते हे आकडे सांगतात. इंजिन गरम असताना दोन्हींची बेरीज साधारण १० टक्क्यांच्या आत असावी. अधिक १५-२० असेल तर कुठूनतरी न मोजलेली हवा आत जातेय किंवा इंधनाचा दाब कमी आहे. उणे १५-२० असेल तर कुठूनतरी जादा पेट्रोल येतंय. गळका इंजेक्टर असेल, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनाकडे सोडणारी झडप) असेल. पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी चालू व्हायला त्रास देत असेल तर पर्ज व्हॉल्व्हवरच संशय घ्या.

आकडा अधिक असेल तर ऑक्सिजन सेन्सर बदलायची घाई करू नका. ताप दाखवला म्हणून आपण थर्मामीटर फेकत नाही. इंजिनावरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढा, टॉर्च घ्या आणि हवेच्या नळ्या, त्यांचे क्लॅम्प, इंटरकूलरचे होज बघा. तेलकट ओल असलेला सांधा म्हणजे तिथून दाब सुटतोय. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडायला विलक्षण जड जात असेल आणि बारीक शिट्टी येत असेल तर व्हॉल्व्ह कव्हरमधला पडदा फाटलाय. आणि उंदीर! पावसाळ्यात बेसमेंटमधले उंदीर गरम इंजिनाच्या आसऱ्याला येतात. कव्हरखाली फोमचा भुगा, काळ्या रबराचे बारीक तुकडे, लेंड्या दिसल्या तर प्रत्येक व्हॅक्यूम नळीवरून बोट फिरवा. पेन्सिलीएवढ्या नळीला पडलेलं भोक डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतं.

एअर फिल्टरबद्दल एक गैरसमज काढून टाकू. आताच्या फ्युएल इंजेक्शन पेट्रोल गाड्यांत मळका फिल्टर अ‍ॅव्हरेज फारसं पाडत नाही, पिकअप पाडतो. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये गाड्यांवर चाचण्या घेऊन हेच दाखवलं. वेळेवर बदला, पण त्याने अ‍ॅव्हरेज परत येईल ही आशा नको. उलट तेल लावलेले ‘परफॉर्मन्स’ फिल्टर टाळा. त्यांचं तेल एअरफ्लो सेन्सरवर बसतं आणि हवेचं माप चुकतं. तो सेन्सर साफ करायचा तर त्याच्यासाठीचाच स्प्रे वापरा. कार्ब्युरेटर क्लीनरने तो मरतो.

गिअरबॉक्स आणि फोर-व्हील ड्राइव्ह

एक्स्प्रेसवेवर सपाट रस्त्याला, क्रूझ कंट्रोलवर, टॉप गिअरमध्ये आरपीएमचा काटा वेग न बदलता शे-दोनशेने वर-खाली होतो का? तसं असेल तर टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स घट्ट जोडणारा) घसरत असू शकतो. ‘लाइफटाइम ऑइल’ या शब्दावर जाऊ नका. खुद्द झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी साधारण ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला ऑइल बदलायला सांगते.

फोर-व्हील ड्राइव्हमध्ये चारही टायर एकाच मेकचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. दोन नवे, दोन जुने असले की पुढचं-मागचं अ‍ॅक्सल वेगवेगळ्या गतीने फिरतं आणि पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी ट्रान्सफर केस ते सतत सावरत राहते. आधी इंधन जातं, मग ट्रान्सफर केस.

इथे हात थांबवा

- डिझेल गाडीत ऑइलची पातळी कमालच्या खुणेच्या वर गेली असेल तर गाडी चालवू नका. ऑइलमध्ये डिझेल उतरलंय. पातळी फार वाढली तर इंजिन तेच ऑइल जाळत स्वतःहून रेस घेऊ शकतं, मग चावी काढूनही ते थांबत नाही. टो करून न्या. डिपस्टिक नसलेल्या गाडीत पातळी स्क्रीनच्या मेनूमध्ये दिसते.
- इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर चालू आहे. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. बाजूला घ्या.
- डीपीएफच्या दिव्यासोबत इंजिनचा दिवा लागला आणि गाडीने ताकद तोडली, तर हायवेच्या चकरा बंद. आता स्कॅनर असलेल्या माणसाचंच काम.
- डिझेल इंजेक्टरच्या लाइनला घरी पाना लावू नका. त्यात २००० बारच्या आसपास दाब असतो, ती बारीक धार कातडीत घुसते आणि हात गमवावा लागू शकतो.
- हायब्रिडमधल्या नारिंगी केबलपासून लांब राहा.
- गाडी वॉरंटीत असेल तर काहीही उघडण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच दाखवा.

गॅरेजला गेल्यावर ‘अ‍ॅव्हरेज पडलंय, बघा’ एवढंच सांगू नका. टाकी फुल करून काढलेले आकडे, सरासरी वेग, कूलंटचं तापमान, चार डिस्कचं तापमान आणि पेट्रोल असेल तर ट्रिम कागदावर द्या. पार्ट सुचवला तर कुठल्या मोजमापावरून, ते शांतपणे विचारा. हवेची गळती म्हणत असतील तर स्मोक टेस्ट करून धूर कुठून येतो ते दाखवायला सांगा. इंजेक्टर म्हणत असतील तर प्रत्येक इंजेक्टरचे करेक्शनचे आकडे आणि रिटर्न लाइनची चाचणी मागा. चांगला मेकॅनिक हे विचारल्यावर रागवत नाही, आनंदाने दाखवतो.

दुरुस्तीनंतर पहिल्या टाकीवर निकाल लावू नका. जुन्या दोषाशी जुळवून घेतलेले हिशोब गाडी हळूहळू सोडते, काही गाड्यांत ते स्कॅनरने शून्य करावे लागतात. त्याच पंपावर, त्याच नोझलला, पहिल्या कटला दोन टाक्या भरा आणि दुसऱ्या टाकीचा आकडा धरा.